लूर्ड्स–फातिमा–रोम गट सहल: मार्ग तपासून हवा आहे

पाणवठा
वसई धर्मप्रांतातल्या एका चर्चचा ४१ जणांचा गट पुढच्या मे महिन्यात निघतोय. २८ जण साठीच्या पुढचे, दोघांना चाकाची खुर्ची लागेल, सोबत एक फादर. रोज मराठीत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) व्हावी ही सगळ्यांची अपेक्षा. सहल कंपनीनं दिलेला मार्ग असा:

मुंबई–पॅरिस २ रात्री (नोत्र दाम, सेक्रे कर, आयफेल, सीन नदीत बोट), बसनं लूर्ड्स १ रात्र, मोन्सेरात करून बार्सिलोना १ रात्र, विमानानं लिस्बन २ रात्री (११ ते १३ मे, त्यात एक दिवस 'फातिमा दर्शन'), विमानानं रोम ३ रात्री (त्यातच एक दिवस असिसी), पादुआ १, मिलान १, मुंबई. एकूण ११ रात्री.

पैसे अजून भरलेले नाहीत. अनुभव नकोत, चुका दाखवा.

घड्याळजी
चूक एकच आहे, पण ती सगळीकडे आहे. ज्यानं हा मार्ग आखला त्यानं ठिकाणं मोजली, रात्री कुठे पडतात ते बघितलं नाही.

फातिमा हे संध्याकाळचं क्षेत्र आहे. मारियामातेच्या दर्शनाच्या जागी असलेल्या छोट्या कपेलपाशी (प्रार्थनागृह) रात्री साडेनऊला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होते, मग मेणबत्त्यांची मिरवणूक. ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत रोज. तुमच्या पत्रकाप्रमाणे तुम्ही दुपारी पोचणार, तेव्हा दिसतं ते उन्हानं तापलेलं प्रचंड पटांगण आणि दुकानं. साडेनऊच्या रोझरीला थांबायचं म्हटलं तर लिस्बन १२५ किमी, म्हणजे हॉटेलात यायला मध्यरात्र उलटणार. मग मार्गदर्शक पाच वाजताच 'चला, चला' म्हणायला लागतो.

लूर्ड्सचंही तेच. संध्याकाळी पाचला पवित्र साक्रामेंताची मिरवणूक, त्यात आजाऱ्यांना आशीर्वाद. रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक. मासाबिएलच्या गुहेपाशी, म्हणजे मारियामातेच्या दर्शनाच्या जागी, खरी शांतता मिळते ती पहाटे, नाहीतर मिरवणुकीनंतर उशिरा. पॅरिसहून बसनं निघालेला माणूस लूर्ड्सला रात्री आठ-नऊला पोचणार, जेवणार, झोपणार आणि सकाळी बार्सिलोनाची बस धरणार. याला 'लूर्ड्स १ रात्र' म्हणतात खरं, पण हातात उरतात जेमतेम दोन तास.

म्हणून पहिली दुरुस्ती: फातिमा २ रात्री, लूर्ड्स २ रात्री, दोन्हीकडे हॉटेल पवित्र स्थानापासून पायी दहा मिनिटांच्या आत. करारात 'फातिमा किंवा परिसर' असं लिहिलं असेल तर 'किंवा परिसर' खोडून घ्या. त्या दोन शब्दांत तीस-चाळीस किमी मावतात.

दुसरी गोष्ट तारखा. १३ मे हा फातिमाचा मुख्य दिवस, १९१७ मधलं मारियामातेचं पहिलं दर्शन त्या दिवशीचं. १२ च्या रात्री पटांगणात लाखोंची गर्दी असते, खोल्या वर्षभर आधी गटांना गेलेल्या असतात. कंपनीनं लिस्बनला का ठेवलंय ते आता कळलं असेल. २८ ज्येष्ठ आणि दोन खुर्च्या घेऊन त्या गर्दीत शिरण्यापेक्षा १५ मेनंतर जा. ज्यांना १३ तारीखच हवी त्यांनी वेगळा, तरुण गट करावा.

टॅकोग्राफ
पॅरिस ते लूर्ड्स बसनं सुमारे ८५० किमी. हे कागदावरही बसत नाही.

युरोपीय संघात बसचालकाला दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदाच १०. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. रोजची विश्रांती सलग ११ तास, ती ठरावीक वेळाच ९ पर्यंत कमी करता येते. चालकाचं कार्ड बसमधल्या नोंदयंत्रात (टॅकोग्राफ) घातल्याशिवाय गाडी चालवायची परवानगी नाही आणि रस्त्यात पोलीस ती नोंद तपासतात. दंड चालकालाही आणि मालकालाही. त्यामुळे 'भाऊ, अजून एक चर्च करूया ना' हे तिथे चालत नाही. चालक उद्धट नसतो, त्याचं घड्याळ संपलेलं असतं.

यातून निघणारा व्यवहारी हिशेब: सकाळी आठला गाडी सुरू झाली तर ११ तासांची विश्रांती बसवायला रात्री नऊला ती उभी राहायलाच हवी. रात्रीच्या मिरवणुकीला बसनं ने-आण करायची असेल तर दुसऱ्या दिवशी निघायची वेळ आपोआप पुढे सरकते. घड्याळजींनी पायी अंतरावरचं हॉटेल सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

शिवाय साधारणपणे सलग सहा दिवसांनंतर चालकाला साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते. ती लूर्ड्सच्या पूर्ण दिवशी टाका. तिथे गाडी लागतच नाही, गुहा, तिन्ही बासिलिका, जिला तिथे दर्शन झालं त्या संत बर्नादेतचं घर, सगळं पायी आहे. चालक झोपेल, तुम्ही प्रार्थना करा.

पॅरिस ठेवायचंच असेल तर मोंपार्नास स्थानकावरून लूर्ड्सला वेगवान रेल्वे आहे, पाच तासांच्या आत. पण ४१ जणांचं सामान डब्यात चढवायला मिनिटं मोजकी मिळतात. मोठ्या बॅगा वेगळ्या गाडीनं पाठवाव्या लागतात, त्याचे पैसे वेगळे.

सांतान
पॅरिस सरसकट उडवू नका हो. रू द्यु बाकचं कपेल पत्रकात नाही याचंच आश्चर्य वाटलं. १८३० मध्ये संत कॅथरीन लाबूरे यांना तिथे दर्शन झालं, 'चमत्कारी पदक' तिथूनच आलं. वसईत किती गळ्यांत ते पदक आहे ते मोजा. नोत्र दाम २०१९ च्या आगीनंतर ८ डिसेंबर २०२४ ला पुन्हा उघडलं, आतला धुतलेला दगड आता अगदी फिकट, उजळ दिसतो. प्रवेश फुकट, वेळ ऑनलाइन आगाऊ घेता येते.

घड्याळजी
@सांतान, मुद्दा मान्य. पण पॅरिसच्या दोन रात्री ११ मधूनच काढायच्या. रू द्यु बाक पाहायला दीड तास पुरतो, त्यासाठी दोन रात्री आणि ८५० किमी ही किंमत जास्त. १३ रात्रींची सहल असेल तर पॅरिस घाला, ११ मध्ये नाही. आयफेलसाठी नातवंडं नेतील पुढे कधीतरी.

पाणवठा
पॅरिस वगळलं तर अर्धा गट नाराज होईल, पण मांडून बघतो. मग त्या जागी काय?

सांतान
बरं, पॅरिस सोडलं असं धरू. मग फातिमा ते लूर्ड्स विमानानं उडी मारू नका, रस्त्यानं या. त्या वाटेवर आपल्या लोकांचा खरा संबंध आहे.

लिस्बनला उतरल्या दिवशी, हॉटेलात जायच्या आधी, कॅथेड्रलजवळचं संत आंतोनीचं चर्च. पादुआचा म्हणून ओळखला जाणारा हा संत जन्मानं लिस्बनचा, ११९५ चा. म्हणजे सहल त्याच्या जन्मस्थानी सुरू होऊन पादुआत त्याच्या कबरीपाशी संपू शकते. त्याच बंदरातून ७ एप्रिल १५४१ ला संत फ्रान्सिस झेवियर निघाले आणि ६ मे १५४२ ला गोव्यात पोचले.

फातिमाहून सालामांका. जवळच आल्बा दे तोर्मेस, तिथे आविलाच्या संत तेरेजा यांची कबर. पुढे बुर्गोसचं कॅथेड्रल, तिथे जेवणाचा थांबा, मुक्काम पाम्प्लोना. दुसऱ्या सकाळी ५० किमीवर हावियेर, हेच ते 'झेवियर'. १५०६ मध्ये ज्या किल्ल्यात संत फ्रान्सिस जन्मले तो उभा आहे, आत एका छोट्या कपेलमध्ये हसऱ्या चेहऱ्याचा क्रूसावरचा ख्रिस्त. जुन्या गोव्याला शवप्रदर्शनाला रांगा लावणाऱ्या आपल्या लोकांना हे ठिकाण बहुतेक पत्रकं दाखवतच नाहीत, कारण ते कुठल्याच मोठ्या शहराच्या वाटेवर पडत नाही.

रोममध्ये ही साखळी पूर्ण करा. जेझू या येशूसंघाच्या चर्चमध्ये उजव्या हाताच्या वेदीवर झेवियरांच्या उजव्या हाताचा अवशेष आहे, १६१४ मध्ये गोव्यात शवापासून वेगळा करून आणलेला. हे चर्च दुपारी बंद असतं. रोममधली बहुतेक चर्चं साडेबारा ते साडेतीन-चार बंद, फक्त चार मोठ्या बासिलिका सलग उघड्या. 'जेवल्यावर जेझू' असं पत्रकात असेल तर ते चुकलेलंच समजा.

आणि मराठी माणसासाठी आणखी एक. क्विरिनाल टेकडीवर सांत आंद्रेआ. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७५ मध्ये इथल्या येशूसंघीय नवशिक्यांच्या मठात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्याला आले. आजची इमारत नंतरची, बेर्निनीची, त्यामुळे स्टीफन्सनी पाहिलेलं चर्च हे नव्हे. जागा तीच. वीस मिनिटं पुरतात. बसमध्ये आदल्या रात्री पुराणातल्या चार ओव्या कुणीतरी वाचा, नाहीतर ते आणखी एक लंबगोल चर्च वाटेल.

टॅकोग्राफ
वाट चांगली आहे, पण तिचे तास लिहून ठेवा. फातिमा–सालामांका सुमारे ३९० किमी. सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढे, पोर्तुगाल स्पेनच्या मागे आहे. सकाळी आठला निघालात तरी स्पेनच्या दृष्टीनं नऊ वाजलेत. हा हरवलेला तास पत्रकात कुणीच धरत नाही आणि आल्बाचं चर्च बंद मिळतं.

सालामांका–बुर्गोस–पाम्प्लोना मिळून साधारण ४६० किमी, जमतं. हावियेर–लूर्ड्सला डोंगरातला सोंपोर्टचा रस्ता जवळचा, पण ४९ आसनी बसला आणि उलटी होणाऱ्यांना तो नको. पाम्प्लोना, सान सेबास्तियन, बायोन, पो या महामार्गानं सुमारे ३४० किमी, जेवण धरून सहा तास. हावियेरहून साडेअकराला निघालात तर मिरवणुकीला पोचता. कुणीतरी 'लोयोला (संत इग्नेशियसचं जन्मस्थान) वाटेतच आहे' म्हणेल. वाटेत नाही, दोन-अडीच तास जातात. त्या दिवशी हावियेर एकच.

शिक्कामोर्तब
व्हिसाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री त्याच्याकडे. रात्री समान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश. तुमच्या मूळ पत्रकात इटली ५, फ्रान्स ३, पोर्तुगाल २, स्पेन १, म्हणजे पॅरिसला उतरत असलात तरी अर्ज इटलीकडे. 'फ्रान्सच्या तारखा लवकर मिळतात' म्हणून कंपनीनं तिकडे अर्ज टाकला आणि हॉटेलांची कागदपत्रं इटलीच्या पाच रात्री दाखवत असली तर अर्ज परत येऊ शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो. मार्ग बदलला तर रात्रींची बेरीज पुन्हा करा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, दोन पानं कोरी, आणि गेल्या १० वर्षांत दिलेला. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात, निर्णयाला १५ दिवस, काही प्रकरणांत ४५ पर्यंत. मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीत बसा, एप्रिलमध्ये सगळा महाराष्ट्र सुट्टीच्या व्हिसासाठी रांगेत असतो. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. नाकारलं तर पैसे परत नाहीत.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) लागू, मृतदेह परत आणण्यासह. साठीच्या पुढच्यांनी 'आधीपासूनचे आजार' या कलमाचं काय ते वाचावं. स्वस्त पॉलिसी व्हिसाला चालते, हृदयविकाराला चालत नाही.

बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकानं स्वतः जायचं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात, मात्र अर्जात तसं नमूद करावं लागतं. शेतावर आयुष्य गेलेल्यांचे ठसे उमटत नाहीत. आधी आठवडाभर हाताला तेल चोळा, हसू नका, उपयोग होतो. फादरांचं शिफारसपत्र जोडायला हरकत नाही, पण बँकेच्या शिक्क्याच्या विवरणाची जागा ते घेत नाही.

प्रवेशाच्या नव्या नोंदणी पद्धतीमुळे पहिल्या शेंगेन विमानतळावर फोटो घेतात आणि व्हिसासाठी दिलेले ठसे पडताळून पाहू शकतात. उतरल्यावर पहिल्या भेटीपर्यंत तीन तास मोकळे ठेवा.

रानजाई
बॉस्नियातलं मेजुगोर्ये तीर्थस्थान पण जोडता येईल का यात?

शिक्कामोर्तब
नको. बॉस्निया शेंगेनमध्ये नाही. बाहेर पडून परत इटलीत यायचं तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो आणि गटातल्या एकालाही एकेरी मिळाला तर तो सीमेवर अडकतो. ती क्रोएशियाला जोडून वेगळी सहल आहे.

वेदीसेवक
मिस्सांचं. 'रोज मिस्सा' हे कंपनीनं तोंडी कबूल केलेलं असतं, आल्तार (वेदी) मात्र कुणी आरक्षित केलेलं नसतं. प्रत्येक तीर्थस्थानाचं स्वतंत्र कार्यालय आहे, ऑनलाइन अर्ज घेतात, वेळ बहुधा ४५ मिनिटांची मिळते. पुढचा गट दाराशी उभा असतो, प्रवचन आवरतं घ्या. लूर्ड्स, फातिमा, असिसी, पादुआ इथे चार-सहा महिने आधी अर्ज टाका. सेंट पीटरमध्ये सकाळी लवकरच्याच वेळा असतात, त्यासाठी हॉटेल व्हॅटिकनच्या जवळ हवं. शहराबाहेरच्या वळणरस्त्यावरचं स्वस्त हॉटेल असेल तर ती मिस्सा विसरा.

फादरांनी स्वतःच्या बिशपांनी दिलेलं ओळखपत्र, चालू वर्षाचं, सोबत ठेवायचं. सगळीकडे मागतात, न्यायलाच हवं. पोशाख, भाकर, द्राक्षारस तिथे मिळतं. नसतं ते मराठी मिस्साग्रंथ आणि गीतं. ए-५ आकाराची ३२ पानी पुस्तिका छापा: प्रार्थना, त्या त्या दिवसाची वाचनं, पंधरा-वीस गीतं, अक्षर १४ पॉइंटचं. मोबाईलवर सगळ्यांचं वाचून होत नाही.

लूर्ड्सच्या मिरवणुकीत रोझरी वेगवेगळ्या भाषांत म्हणतात. गटाचा फलक घेऊन चालायचं असेल तर यात्रेकरू कार्यालयात नोंद करा. फलकावर 'वसई, भारत' मोठ्या अक्षरांत.

लूर्ड्सच्या कुंडातल्या स्नानाबाबत गटाला आधीच सांगा. महामारीपासून बहुतेक वेळा 'पाण्याची कृती' असते: ओंजळीत पाणी घेऊन चेहरा, हात धुणं आणि पिणं. पूर्ण बुडवून स्नान मर्यादित. त्या दिवशी काय चालू आहे ते पोचल्यावर विचारा, नाहीतर बायका नऊवारीची बदली घेऊन रांगेत दोन तास उभ्या राहतात.

बांद्र्याची_जत्रा
फातिमात मेणाचे हात, पाय, हृदय, बाळ विकत मिळतात आणि कपेलशेजारच्या मोठ्या भट्टीत नवस म्हणून टाकतात. अगदी माउंट मेरीच्या जत्रेतलेच. घरून आणू नका, बॅगेत वितळतात.

गुडघेदुखी
खुर्च्या आणि चढ यांवर लिहितो, २८ ज्येष्ठ म्हणजे हीच खरी सहल.

असिसी हे डोंगरउतारावरचं लांबट गाव. सांता क्लारा एका टोकाला, संत फ्रान्सिसची बासिलिका दुसऱ्या. चालकाला सांगा: उतरवायचं पोर्ता नुओवापाशी, तिथे वर जायला सरकते जिने आहेत. मग सांता क्लारा, चौक, वाटेत कार्लो अकूतीसची कबर असलेलं चर्च (सप्टेंबर २०२५ मध्ये संतपद मिळालं, रांग असते) आणि उतारानं संत फ्रान्सिस. गाडी खालच्या जॉन पॉल दुसरे वाहनतळावर बोलवायची. उलट दिशेनं नेलं तर दीड किमी चढ, आणि अर्धा गट पहिल्याच आइसक्रीमच्या दुकानात बसून राहतो. सांता मारिया देल्यी आंजेली खाली सपाटीवर आहे, आतमध्ये पोर्सियुंकोला हे छोटं मूळ कपेल. ते गाडीनं, निघताना.

रोमहून 'एका दिवसात असिसी' म्हणजे येऊन-जाऊन ३६० किमी. नको. एक रात्र तिथेच काढा. संध्याकाळी दिवसाचे पर्यटक निघून गेले की गाव रिकामं होतं.

रोममधला पवित्र जिना २८ पायऱ्यांचा, गुडघ्यांवरच चढतात. शेजारून पायी चढायचे जिने आहेत, लाज बाळगू नका. सेंट पीटरच्या घुमटाला ५५१ पायऱ्या, उद्वाहनानं गेलात तरी ३२० उरतात आणि वरचा जिना तिरका, अरुंद होत जातो. मध्येच परत फिरता येत नाही. साठीच्या पुढच्यांनी चौकातच बसावं.

लूर्ड्समध्ये निळ्या ओढगाड्या आणि स्वयंसेवक असतात, मिरवणुकीत आजाऱ्यांना पुढची जागा. रोममध्ये मात्र छोट्या दगडांचे रस्ते, खुर्चीची लहान पुढची चाकं अडकतात. मोठ्या चाकांची घडीची खुर्ची न्या आणि ढकलणारा माणूस आधीच ठरवा, 'कुणीतरी बघेल' असं नको.

चार_बासिलिका
रोमचे वार लिहून घ्या, इथे वारच घात करतात.

पोपसाहेबांची सर्वसाधारण भेट बुधवारी सकाळी, दहाच्या सुमारास, चौकात. तिकीट फुकट, आदल्या दिवशी कांस्य दरवाजापाशी स्विस रक्षक देतात, गटानं आधी पत्र पाठवायचं. कंपनी यासाठी 'भेट शुल्क' लावत असेल तर कशाचं ते विचारा. त्या सकाळी बासिलिकेत प्रवेश नसतो. म्हणून बुधवारी भेट, गुरुवारी संग्रहालय आणि बासिलिका.

व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार फुकट असतो, त्या दिवशी तर अजिबात जाऊ नका. गटाच्या वेळा साधारण दोन महिने आधी उघडतात आणि मेमधल्या सकाळच्या लगेच जातात. संग्रहालयातल्या सिस्टीन कपेलमध्ये फोटो नाही, बोलणं नाही, मार्गदर्शक बाहेरच समजावतो. सिस्टीनमधून थेट बासिलिकेत जायचा आतला रस्ता कधी उघडा, कधी बंद. तो बंद असेल तर बाहेरून वळसा आणि पुन्हा तपासणीची रांग. एक तास राखून ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही.

सान काल्लिस्तोची भुयारं (जुन्या ख्रिस्ती लोकांची भूमिगत दफनस्थळं) बुधवारी बंद, सान सेबास्तियानोची रविवारी. आत गार असतं, स्वेटर हवा, जिने आहेत, खुर्ची जात नाही.

पोप फ्रान्सिस यांची कबर सेंट पीटरमध्ये नाही, सांता मारिया माज्जोरेत आहे. पत्रकात ती बासिलिका 'बाहेरून' लिहिलेली असेल तर 'आतून' करून घ्या.

सहलीसोबत जाणारा व्यवस्थापक आणि परवानाधारक स्थानिक गाइड यांत फरक आहे. इटलीत आत समजावून सांगायला परवाना लागतो. तुमचा मराठी व्यवस्थापक गाभाऱ्यात उभा राहून बोलू लागला तर त्याला थांबवतात. करारात 'स्थानिक इंग्रजी गाइड आणि कानयंत्र' (गाइडचा आवाज ऐकायचं) कुठल्या कुठल्या दिवशी ते लिहून घ्या. व्यवस्थापकानं तेच आदल्या रात्री मराठीत बसमध्ये सांगावं.

आणि ६४ नंबरची बस आणि मेट्रोची अ लाइन. खिसेकापूंना यात्रेकरूंची वाट पाठ आहे.

टिफिन
मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. पेढे, तूप, चीज, मटणाचं लोणचं, सगळं जप्त. सुक्या मासळीला मात्र मर्यादेत परवानगी आहे, माणशी २० किलोपर्यंत. म्हणजे बोंबील कायद्यात बसतात. विमानातल्या शेजाऱ्याचं बघा.

हॉटेलची न्याहारी थंड असते: पाव, चीज, हॅम. रात्रीचं जेवण इटलीत साडेसातच्या आधी मिळत नाही, स्पेनमध्ये साडेआठ-नऊला. गटासाठी लवकर मागा, पण फातिमा-लूर्ड्सला जेवण सातला हवंच, नाहीतर मिरवणूक चुकते. हे कंपनीला लेखी कळवा.

हिशेबनीस
पत्रकाच्या शेवटच्या पानावरचं 'समाविष्ट नाही' आधी वाचा. रोमचा मुक्काम कर तीन तारांकितला माणशी रात्री ६ युरो, चार तारांकितला ७.५०, हॉटेलातच द्यायचा. चार तारांकितात तीन रात्री, दोघे, म्हणजे ४५ युरो गेले. टिप, हॉटेलात बॅगा उचलणं, शहरप्रवेशाचे बस परवाने हे कुणाकडे? रोम आणि असिसीत मोठ्या बसला परवाना लागतो. तो कंपनीनं वाचवला तर बस लांब उभी राहते आणि तुम्ही चालता. टीसीएस (परदेश सहलीच्या रकमेवर कंपनी आगाऊ घेते तो प्राप्तिकर) कापला तर त्याचा दाखला मागा, विवरणपत्रात तो जमा धरता येतो.

पाणी विकत घेऊ नका. रोमच्या रस्त्यांवरचे लोखंडी नळ पिण्याचेच आहेत.

पाणवठा
सगळ्यांचं धरून नवा आराखडा. मंगळवारी रात्री मुंबईहून आखाती शहरामार्गे, बुधवारी लिस्बन.

बुधवार, गुरुवार फातिमा. शुक्रवार सालामांका. शनिवार पाम्प्लोना. रविवार सकाळी हावियेरला मिस्सा, रात्री लूर्ड्स. सोमवार पूर्ण लूर्ड्स, चालकाला सुट्टी. मंगळवार तुलूझहून विमानानं रोम. बुधवार पोपभेट, दुपारनंतर जेझू आणि सांत आंद्रेआ. गुरुवार व्हॅटिकन. शुक्रवार सकाळी भुयारं, दुपारी असिसी मुक्काम. शनिवार दुपारी पादुआकडे. रविवार पादुआत मिस्सा, संध्याकाळी व्हेनिसहून परत.

रात्री: पोर्तुगाल २, स्पेन २, फ्रान्स २, इटली ५. अर्ज इटलीकडे. तारीख १५ मेनंतरच्या बुधवारची. बरोबर?

शिक्कामोर्तब
बरोबर.

वेदीसेवक
लूर्ड्सची आंतरराष्ट्रीय मिस्सा बुधवारी आणि रविवारी सकाळी साडेनऊला भूमिगत बासिलिकेत असते, ती हुकते. पोपभेटीचा बुधवार रोमला ठेवायचा तर दोन्ही जमत नाही. गटाला आत्ताच सांगून टाका.

चार_बासिलिका
पादुआत वेळ मिळाला तर स्क्रोवेन्यी कपेल, जोत्तोची भित्तिचित्रं. एका वेळी २५ जणच सोडतात, आधी १५ मिनिटं हवा स्थिर करायच्या खोलीत, मग आत १५ मिनिटं. ४१ जणांच्या दोन तुकड्या लागतील, आरक्षण आत्ताच. पहिली तुकडी आत असताना दुसरी संत आंतोनीच्या कबरीपाशी ठेवा.

टॅकोग्राफ
लूर्ड्स ते तुलूझ विमानतळ १८० किमी. दुपारचं विमान घ्या, सकाळचं नको. आणि एक बघा: मुंबईहून ३० किलो सामान चालतं म्हणून सगळे तेवढं भरतील. तुलूझ–रोमचं स्वस्त विमान बहुधा २० किलोचं असतं, जादा किलोचे पैसे खिडकीवर दुप्पट लागतात. मोठी बॅग १७ किलोवर थांबवा. लूर्ड्सचं पाणी हातातल्या पिशवीत १०० मिलीच्या वर जात नाही, ते मोठ्या बॅगेतच टाकावं लागतं. लिटरची बाटली म्हणजे एक किलो, आणि कुणीही एकच बाटली भरत नाही. झाकणाला चिकटपट्टी, बाहेरून दोन प्लास्टिक पिशव्या, बाटली काठोकाठ न भरता.